एकोणीस मिलिसेकंद

धनाजी गलाईच्या दुकानाचा पत्ता सांगत नाही.
फोन उचललाच तर म्हणतो, "हाय की इथंच."
गेल्या दिवाळीला दुकानातल्या कॅमेऱ्याचा आयपी नंबर
त्यानंच दिलेला, तेवढा माझ्याकडं आहे.

एक नकाशा म्हणाला सेलम.
दुसऱ्यानं टाचणी चेन्नईच्या पुढं, समुद्रात टोचली.
तिसऱ्यानं तर मलाच पुण्यात बसवलं,
आणि खिडकीबाहेर विट्याच्या स्टँडात
मायणीची एसटी मागं घेत होते.

नकाशे मिटले. नुसती हाक मारली.
पॅकेट जातं, त्याच्या दाराला शिवून माघारी येतं,
लागलेला वेळ तेवढा पडद्यावर उमटतो.
चव्वेचाळीस. एकसष्ट. दोनशे तीन. अडतीस.
हे सगळं अंतर नव्हे;
वाटेत कुठं रांग, कुठं वळसा,
कुठल्या तरी पेटीत धूळ खात थांबणं.

अण्णा जन्मभर सराफांच्या पेढ्यांवरची झाडलोट विकत घ्यायचे,
केरासकट भट्टीत घालायचे.
मुशीच्या तळाला राहील ते आपलं, म्हणायचे.
मीही रात्रभर हाका मारल्या,
सगळ्यात लहान आकडा ठेवला,
बाकी माती.

एकोणीस.
काचेच्या तारेतून उजेड जेवढा पळतो
त्या हिशेबानं, जाऊन-येऊन,
एकोणीसशे किलोमीटर.
याच्या पलीकडं धनाजी असूच शकत नाही.
अलीकडं कुठंही.

परकारानं गोल काढून आईला दाखवला.
आत सेलम, आत कलकत्ता, आत निम्मा दर्या.
तिनं चष्मा पुसला, बराच वेळ बघितलं.
"आणि विटं? ते येतंय न्हवं आत?"

येतंय.
परकाराचं टोक तिथंच रुतलंय.