खिडकीखालचं पुस्तक

उत्तरेची खिडकी आपल्या देवळात
गेली दोन वर्षं बायबलवर टेकली होती.
बिजागरी गंजली, सुतार आला नाही,
आणि जाडीला नेमकं तेच पुस्तक बसलं.
कुणी ठेवलं, म्हणाल तर मी.
घंटा मी वाजवते, सांडलेलं मेण मी खरवडते,
खिडकीही माझ्याच वाट्याची.

पण दोन वर्षांत, मंडळी,
तुम्ही कुणी विचारलंही नाही,
ते मला जास्त लागलं.
पाळक सहा आठवड्यांनी येतात, बोट आली तर.
एरवी पडद्यावर दोन ओळी उमटतात,
मागे निळ्या पाण्याचं चित्र
(बाहेर खरं पाणी आहे, करडं, त्याकडे आपली पाठ),
आपण माना डोलावतो, मग कॉफी.
एल्स्पाचा केक चांगला असतो, त्यात वाद नाही.

त्या रविवारी वारा असा की
मेंढ्या भिंतीच्या आडोशाला दगड होऊन बसल्या.
आपल्या फेरोत वाऱ्याचं कुणी कौतुक करत नाही,
पण बोट रद्द झाली, वीज गेली, पडदा काळा पडला.
एकोणीस माणसं, ओल्या लोकरीचा वास.
घरी जाऊ या, असं कुणीतरी पुटपुटलं.
तेव्हा बिर्ना, वय वर्षं नऊ:
"ते पुस्तक आहे की, खिडकीखाली!"

मी ते उपसलं. खिडकी धाडकन मिटली.
चामडं फुगलेलं, कडांवर मीठ,
आरंभाची पानं एकमेकांना घट्ट चिकटलेली.
उत्पत्ती काही केल्या उघडेना.
उघडलं ते पार पुढे, लहान संदेष्ट्यांपाशी,
आणि समासात पेन्सिलीची बारीक अक्षरं:
*आज वाचलं नाही. जाळी फाटली.*
*आज वाचलं नाही. बाळ आजारी.*
न वाचलेल्या दिवसांची नोंद ठेवायचे ते लोक.
आपण ठेवायची म्हटली
तर समास पुरतील का?

डोक्यावरचा दिवा फक्त हानुसकडे होता,
म्हणून पुस्तक हानुसकडे गेलं.
हानुस, जो दाराजवळच्या बाकावर बसतो,
भरती-ओहोटीच्या तक्त्यापलीकडे काही वाचत नाही,
वीस हिवाळ्यांपूर्वी ज्याच्या बोटीवर चौघे होते
आणि किनाऱ्याला एकटाच लागला.
जुनी डॅनिश, शाळेत मार खाऊन शिकलेली;
एक ओळ अडखळत वाचायचा,
मग आपल्या भाषेत सांगायचा, बिर्नासाठी.
वादळ. बोट. खलाशी माल समुद्रात फेकताहेत.
आणि योना तळाशी झोपलेला.
हानुस थांबला.
"याला झोप लागली कशी?" म्हणाला.
"आम्हाला नाही लागली."

वाऱ्याखेरीज कुणी बोललं नाही.
मग एल्स्पाच, हळू: "पुढे वाच."
त्याने पुढचं पान उलटलं.
जो वाचला होता, तो वाचत होता.
माशाच्या पोटात तीन दिवस, तीन रात्री,
तिथे पुन्हा थांबला, नाक खाजवलं:
"वासाबद्दल एक अक्षर नाही.
लिहिणारा कोळी नव्हता."
आणि हसला. देवळात हानुस हसला!
आपण सगळेच.

म्हणून आज हे सांगायला उभी राहिले, मंडळी.
खिडकीखाली आता वाहून आलेली फळी लावली आहे.
पुस्तक कॉफीच्या टेबलावर राहील,
जाळ्याच्या दोरीने बांधलेली पेन्सिल त्याला लटकेल.
आठवडाभर घरी न्या, मग शेजारी द्या.
परीक्षा नाही. समजलं नाही तर हानुससारखं
तिथेच थांबा आणि विचारा.
हाताला मीठ लागेल, ते राहू द्या.

आरंभाची पानं मात्र अजून एल्स्पाकडे आहेत.
किटलीच्या वाफेवर धरते, सुरी लावत नाही,
रोज बोटभर सुटतात.
काल संध्याकाळपर्यंत उजेड झाला होता,
पाणी वेगळं झालं होतं, मासे आले होते.
माणूस
अजून चिकटलेला आहे.