बायकांची वेळ, तीन ते चार

नगरपालिकेच्या तलावाला पत्र्याचं आभाळ.
दारातच पाटी: आंघोळ केल्याशिवाय पाण्यात उतरू नये.
मी दोनदा करते.
एक नियमाची,
एक सकाळभर विकलेल्या बांगड्यांची.

मिरकरवाड्यात जन्म गेला,
पण गुडघ्याच्या वर पाणी चढू दिलं नाही कधी.
होडी लागली की टोपली उतरवायची,
भाव पाडणाऱ्याशी भांडायचं,
समुद्राशी ओळख तेवढीच.
घरचे पुरुष त्यात चाळीस-चाळीस वर्षं गेले-आले.
पोहता त्यांनाही येत नाही.

इथलं पाणी निळं, कारण लाद्या निळ्या.
आज अमावस्या आहे हे त्याला कुणी सांगितलेलं नाही.
तळाशी कुणाची तरी केसांची पिन पडलीय,
वरून स्वच्छ दिसते.
पहिल्या दिवशी मी तिलाच घाबरले.
तळ दिसणारं पाणी मला माहीत नव्हतं.

शिकवणारी अफसाना, माझ्या नातीएवढी.
म्हणते, मावशी, दांडी सोडा.
मावशी, मान सैल.
मावशी, पाण्याशी घासाघीस करू नका.

आणि आज तिने न सांगता हात काढून घेतला.

कान पाण्यात.
वर हिरव्या फायबरवर कावळ्याचे दोन पाय चालत गेले,
आवाज नाही,
फक्त माझ्याच छातीतलं इंजिन.
दोन वाव तरी गेले असेन.
अफसाना म्हणते, चार फूट.

संध्याकाळी पायरीवर बसले तर मांजर आलं,
रोजच्या सवयीने माझी बोटं हुंगली,
शिंकलं,
आणि शेजारणीकडे निघून गेलं.