हरवल्यास आणून सोडणे

बर्फाच्या कारखान्याचा कॉम्प्रेसर बसला
तो नारळी पुनवेनंतर आठव्या दिवशी.
होड्या भरून येत होत्या
आणि शेठ कपाळाला हात लावून.
यंत्र चीनचं, म्हणून माणूसही चीनचाच आला;
खेडला गाडीतून उतरला,
हातात पान्यांची पेटी,
तोंडात आमच्या कामाचा एक शब्द नाही.

नाव सांगितलं ते ग्वो की काय,
बंदरावर येईतो त्याचं झालं गो.
अख्खं हर्णै हसलं.
आमच्याकडे गो म्हणजे बायकांना घालायची हाक.
चांगुणा चोगले म्हणाली, 'ये गो बाय, बस,'
आणि टोपली पालथी घालून दिली.
तोही हसला. कशाला, ते त्याचं त्याला ठाऊक.

त्याच्या फोनमध्ये एक बाई होती.
तो बोले, ती मराठीत सांगे:
'कृपया थंडीचे पोट उघडा.'
'आपले तेल दुःखी आहे.'
आम्ही पोट उघडलं.
तेल खरंच काळं पडलं होतं.
तिसऱ्या दिवशी फोन मिठाच्या पाण्याच्या टाकीत पडला,
बाई बुडाली.
उरलो मी, तो आणि पेटी.
त्याने हात पुढे केला की मी पाना द्यायचा.
निम्म्या वेळा चुकीचा.

कारखान्यापासून लॉजपर्यंत सरळ रस्ता,
तरी हा चुकायचा.
मग पावतीपुस्तकातलं पान फाडून पाठीमागे लिहिलं:
हा माणूस हरवल्यास बर्फाच्या कारखान्यात आणून सोडणे.
रिक्षाचे पैसे आत्माराम पावसे देईल.
त्याने दोन्ही हातांनी घेतलं, प्रसाद घ्यावा तसं.

काय वाटलं त्याला कोण जाणे,
जाईल तिथे तेच दाखवी.
रशीद मुकादमाच्या टपरीवर दाखवलं, चहा मिळाला.
न्हाव्याला दाखवलं,
त्याने आधी दाढी केली, मग आणून सोडलं.
एकशे ऐंशी रुपये गेले माझे रिक्षांत.

संध्याकाळी लिलावात घुसला.
मधली तीन बोटं मिटून
अंगठा आणि करंगळी ताठ धरली.
एकजण म्हणाला, याला फोन करायचाय.
दुसरा म्हणाला, फोन कसला, बाटली मागतोय.
तेव्हा तो उकिडवा बसला
आणि वाळूत सहा रेघा ओढल्या.
सहा!
त्याच्या गावी एका हातावर सहा मावतात.
चांगुणेने सहा बांगडे मोजून दिले,
भाव मात्र रुपयाने उतरवला नाही.

रेघांशेजारी त्याने आणखी एक काढलं:
वर वाकडा गळ,
मधे चार खणांची खिडकी,
खाली एक आडवी रेघ.
बांगड्याकडे बोट, वाळूकडे बोट.
मी पाहत राहिलो. खवलं दिसली,
पण शेपूट काही दिसेना.
चांगुणा म्हणाली, 'शेपूट पाण्याखाली हाय.'

पाचव्या दिवशी यंत्र धडधडलं.
पहिली लादी बाहेर आली तेव्हा
त्याने तिला गाल लावून बघितला.
माझा कागद परत दिला नाही.
पेटीतल्या पुठ्ठ्याचा तुकडा फाडून
त्यावर बराच वेळ काहीतरी लिहिलं, उभं, बारीक.
मी दोन्ही हातांनी घेतलं.

परवा दापोलीला कचेरीत गेलो,
घराखालच्या जागेची नोटीस आली होती.
सदरहू इसम, उपरोक्त मिळकत,
विहित मुदतीत, अन्यथा.
माझ्याच भाषेत होतं म्हणे सगळं.
तीन खिडक्या झाल्या.
चौथीवरचा मान खाली घालूनच म्हणाला, 'बोला.'

काय बोलणार?
खिशात हात घातला तर पुठ्ठा लागला.
तोच काचेखालून आत सरकवला.

त्याने उलटा धरून पाहिला,
मग सुलटा,
मग चष्मा काढून माझ्याकडे.
'बसा,' म्हणाला.