पाचव्या दिवसाचं पाणी

सुताच्या व्यापाऱ्याच्या सोडतीत
यादगिरीला बोटीचं तिकीट लागलं.
दोन माणसं, तीन रात्री,
मुंबईहून समुद्रात आणि समुद्रातून मुंबईला.
मध्ये कुठं उतरायचं नाही.
"मग जायचं कशाला?" मी विचारलं.
तो म्हणाला, "जायला."

बोटीवर एक पेला सातशेला, असं इरेश सांगून गेला.
(तो एकदा जाऊन आलाय, मेव्हण्याच्या पैशानं.)
आणि बाहेरचं काही आत नेऊ देत नाहीत.
उपायही त्यानंच सांगितला:
चूळ भरायच्या औषधाची बाटली घ्यायची,
आतलं मोरीत ओतायचं, पांढरी रम भरायची,
वर निळ्या रंगाचे दोन थेंब,
आणि झाकणाची कडी डिंकानं पुन्हा जोडायची.

चार मागांचा मालक, साठीला टेकलेला,
रात्री अकराला ओट्यापाशी उभा राहून
बाटली दिव्यासमोर धरत होता,
रंगवलेली लडी बघावी तसा, एक डोळा मिटून.
"शेड जमली," म्हणाला.

मी गप्प.
मीही माझी बाटली भरत होते, दोन लिटरची.
त्याच्या पोटाला परकं पाणी सोसत नाही.
मंगळवारी पहाटे साडेतीनला आलेलं,
फडक्यातून गाळलेलं, उकळून निववलेलं,
तळाला चार दाणे जिऱ्याचे.

धक्क्यावर यंत्रानं आमची पिशवी पाहिली.
शेंगाचटणी गेली. कडक भाकरी गेली.
निळी बाटली गेली,
गणवेशातल्या पोरानं तिच्याकडं बघितलंसुद्धा नाही.
मग माझी बाटली बाजूला काढली.
"पाणी चालत नाही, मावशी."
"पाणीच हाय की रे," मी म्हटलं,
झाकण काढून घोटभर पिऊन दाखवलं.
"ते खरं, पण नियम आहे."
आणि पांढऱ्या बेसिनात त्यानं ती उपडी केली.

दोन लिटर भरायला किती वेळ लागतो
ते मला झोपेतही सांगता येईल.
ओतायला किती लागतो
ते त्या दिवशी कळलं.
जिरे जाळीवर अडकून राहिले.
रिकामी बाटली मी मागून घेतली.
यादगिरी भिंतीवरचं बोटीचं चित्र बघत होता,
मान घामानं भिजलेली.

खोलीत गरम पाणी, गार पाणी,
दुपारी तीनला, रात्री दोनला, कधीही.
मी दिवसात दोनदा अंघोळ केली
आणि दोन्हीदा नळ घाईघाईनं बंद केला,
कुणी दार वाजवेल म्हणून.
टॉवेल उलटा करून पाहिला, काठ पाहिला, पीळ पाहिला.
आपला नव्हता.

दुसऱ्या रात्री त्यानं निळी बाटली फोडली.
आधीच्या औषधाचा वास काही गेला नव्हता.
दोन झाकणं प्याला, तोंड वाकडं केलं,
तिसऱ्यानं सरळ चूळ भरली.
जीभ निळी, मिशीचं टोक निळं.
"दात तरी घासून झाले," म्हणाला,
आणि आम्ही एवढं हसलो
की शेजारच्यांनी भिंत ठोकली.

मग बऱ्याच वेळानं,
खिडकीबाहेर नुसता काळोख हलत असताना,
तो म्हणाला,
"तो ओतत होता तेव्हा मी बोललो असतो.
पण बोललो असतो तर माझीही उघडली असती."
मी दिवा मालवला.
खाली सगळीकडं पाणी,
एक घोट पिण्याजोगं नाही.

घरी आलो तो शनिवार पाचवा दिवस होता.
साडेतीनला गल्लीत हाक आली,
नीळ्ळु वच्चिनै!
आणि घरोघरच्या मोटारी घुरघुरू लागल्या.
मी उठेपर्यंत तो नळापाशी उकिडवा बसला होता,
हातात तीच रिकामी बाटली.
नळ आधी हवा सोडतो, खोकतो,
मग गढूळ येतं, ते आपण सोडून देतो.
त्यानं सोडलं नाही.
खाली जुनी बादली सरकवली.
"संडासाला होईल," म्हणाला,
माझ्याकडं न बघता.