ऊन फार आहे हो

अकरालाच भिंत तापते इथली.
पंखा आहे, पण चाचणीत आवाज चालत नाही,
म्हणून बंद करते मी. नियम आहे तसा.
समोर नरहरी येमुल, वय एकवीस,
बारावी नापास, अक्कलकोट रोडला टॉवेलच्या मागावर.
होता. सात महिने झाले, घरीच.
मागच्या बाकावर त्याची आई.
मांडीवर सूप नाही, तंबाखू नाही,
तरी बोटं आपली पान वळतायत.

मी फोटो मांडते. नुसते डोळे.
कपाळ कापलेलं, तोंड कापलेलं,
कुठल्या तरी थंड देशातली माणसं,
आणि खाली चार शब्द: साशंक, संकोची, उत्सुक, निर्विकार.
आम्ही तिघांनी बसून काढले होते हे शब्द, चार दुपारी;
‘साशंक’वरून भांडण झालं होतं,
‘निर्विकार’वरून कुणीच काही बोललं नव्हतं.
नरहरी नेमकं त्यावरच बोट ठेवतो. म्हणजे काय?
मी सांगते. तो आईला तेलुगूत सांगतो.
आई मान हलवते. नसावा त्यांच्यात.
मग तो फोटो उचलतो, डोळ्यांजवळ नेतो:
‘ही बाई रात्रभर झोपली नाय.’

तसा रकाना नाही.
शून्य.

आता गोष्टी. एक पाहुणा दारात उभा राहून म्हणतो,
‘बाहेर ऊन फार आहे हो.’
त्याला खरं काय म्हणायचंय?
नरहरी बराच वेळ घेतो. कानामागून घाम उतरतो.
‘ऊन फार आहे.’
अजून काही?
‘आहेच की, मॅडम. त्रेचाळीस.’
मदतीची एक ओळ वाचायची मुभा असते, ती वाचते:
पाहुणा माठाकडे बघतो.
‘माठ गळत असंल.’

हसू येतं, आणि येऊ नये असं वाटतं,
कारण त्याची फाईल मी वाचली आहे.
मालक म्हणाला होता, थोडे दिवस आराम कर,
आणि हा चौथ्या दिवशी डबा घेऊन हजर.
मालक म्हणाला, बघू,
तर हा फाटकाशी उभा, तीन दिवस,
मालक काय बघतोय ते बघत.
आणि कुणी काहीच म्हणत नसायचं तेव्हा
शेजारचा म्हातारा खोकायचा, तीनदा,
ते मात्र ह्याच्यासाठी असायचं.
माग खटखटायचे त्यात ह्याचं नाव,
आधी हळू, मग पाळीभर.
धागा तुटला तरी कळायचं नाही म्हणे,
एरवी पोराला झोपेत कळायचं.

तिसरी गोष्ट. चौथी.
पेन्सिलीला टोक करते.
‘घरकुलची बस सव्वाला हाय,’ आई म्हणते.
हो हो, वेळ आहे अजून.
पान उलटते.
‘कारखान्यात पाचला विड्या मोजून घेतात.
उशीर झाला की छाट लई काढतात.’
अच्छा, म्हणते मी. छाट म्हणजे काय विचारते,
ती सांगते, मी ऐकते, छान माहिती मिळाली असं वाटतं,
आणि पाचवी गोष्ट वाचायला घेते:
दोन मैत्रिणी एका दुकानात…

‘मॅडम,’ नरहरी म्हणतो,
टेबलावरच्या ओरखड्यावर नखानं रेघ ओढत,
‘ती म्हणतीय, आता सोडा.’

किती द्यायचे ह्याचे?
दोन, एक?
हा प्रश्न माझ्या संचात नव्हता,
आणि उत्तर त्याचं नसून माझं चुकलं होतं.
मी वही मिटते. तेवढ्यात तो वर बघतो, आवाज खाली आणतो:
‘पंखा मुद्दाम बंद केला ना?
माझ्या डोक्यातलं नीट ऐकू यावं म्हणून?’
नाही रे.
उठून बटण दाबते. पाती आधी अडखळतात,
मग कागद उडतात, डोळे सगळीकडे,
आणि तिघंही वाकून गोळा करतो,
आई एकेक पुसून देते पदरानं.
त्यातल्या एकाला ती जरा जास्त वेळ बघते.

‘पुढच्या गुरुवारी याल ना? थोडंच राहिलंय.’
दारात चप्पल घालता घालता ती म्हणाली,
‘येऊ की मॅडम. बघू.’

मी गुरुवार लिहून घेतला,
अकरा वाजता.