दिवस चौथा

रावपुऱ्यात, चष्म्याच्या दुकानावरच्या माडीत
माझं टेबल. तिथून मी माणसांना हेलसिंकी दाखवतो.
स्वतः मी उत्तरेला अबूपर्यंत गेलोय.

नकाशा मात्र पाठ आहे.
खाली समुद्र, त्यात बेटं,
मूठभर मुरमुरे सांडावेत तशी.
काठाला हेलसिंकी, डावीकडे एस्पो, तळी आणि रानं,
वर व्हांता, जिथे विमान उतरतं.
आणि एस्पोच्या पोटात कौनियाइनेन,
एवढंसं गाव, चारी बाजूंनी दुसऱ्याच गावाने वेढलेलं.
त्यावर माझं बोट जरा जास्त वेळ राहतं.
आम्ही दांडियाबाजारवाले. समजतं आम्हाला.
तिथे पाट्या म्हणे दोन भाषांत असतात.
पोस्टमन मनातल्या मनात कोणती वाचतो
हे कुठल्या पुस्तकात दिलेलं नाही.

जूनच्या सहलीचं पत्रक मीच लिहिलं.
दिवस पहिला : पांढरं चर्च, पायऱ्यांवर सगळ्यांचा फोटो.
दिवस दुसरा : खडक पोखरून केलेलं चर्च
(पंकजभाई म्हणाले, देऊळ लिहा, बरं वाटतं).
दिवस तिसरा : नूक्सिओचं जंगल, जैन जेवण डब्यात.
दिवस चौथा : बोटीने किल्ल्याच्या बेटावर,
आणि हात चालूच होता म्हणून पुढे,
“सायंकाळी सात वाजता तटावरून रम्य सूर्यास्त.”

सुरसागरावर मावळतो की.
पाण्यातल्या महादेवाच्या खांद्यावर कबुतरं येतात,
शेंगवाला बत्ती पेटवतो,
सात, फार तर साडेसात.

जुलैत विमळाबेन झवेरी जिना चढून आल्या.
हातात पत्रक, त्या ओळीखाली लाल रेघ.
त्या गुजरातीत बोलत होत्या, मी मराठीत ऐकत होतो.

बावीस माणसं, शिर्केभाई, तोफांजवळ गवतावर बसली.
सात वाजले. सूर्य चांगला वावभर वर.
आठ वाजले. तिथेच.
सव्वाआठला गाईड मुलगी हात हलवून घरी गेली.
नऊला धीरजकाकांनी गुडघ्याला बाम चोळला.
साडेनऊला खाकऱ्याचा डबा उघडला
आणि चोविहारवाल्या सात जणी अडल्या :
सूर्य आहे तोवर जेवावं, हे खरं,
पण असला सूर्य हिशेबात धरतात का?
घरी फोन करून विचारावं,
तर बडोद्यात रात्रीचे बारा.
जेवल्या. दोनदा.

दहा पन्नासला तो गेला. तिरका, पाण्याला घासत,
चपला घालून झाल्यावर दारातच
तासभर बोलत उभ्या राहणाऱ्या पाहुण्यासारखा.
गेल्यावरही उजेड जागेवरच.
बोटीत कुणी बोललं नाही.

मी म्हणालो, चूक माझी.
काही पैसे परत मिळतील, पंकजभाईंच्या कानावर घालतो.
विमळाबेन खुर्चीत नीट बसल्या.
म्हणाल्या, साडेआठच्या सुमाराला यांनी मला विचारलं,
तुझ्या शाळेचं नाव काय होतं गं?
लग्नाला एकेचाळीस वर्षं झाली.
मी सांगितलं. मग यांनी बाईंचं नाव विचारलं.
मग बाकावर शेजारी कोण बसायची.
सूर्य काही हलेना, आणि यांचे प्रश्न संपेनात.

मग ही लाल रेघ?
ती यांनी ओढली. पुढच्या मे महिन्यात
आमच्या दीराला पाठवायचंय.
ओळ हीच हवी म्हणाले, वेळेसकट.

पंकजभाईंचं म्हणणं, दहा पन्नास करा, तक्रार नको.
मी काल नवीन पत्रक छापायला दिलं.
“रम्य” काढून टाकलं.
सात तसेच ठेवले.

परतताना सुरसागराच्या कठड्यावर टेकलो.
ही शेजारी, भाजीची पिशवी मांडीवर.
सूर्य बुडाला तो बुडालाच,
पंधरा मिनिटांत समोरची पाटी दिसेना.
एवढ्या वेळात
माणूस माणसाला काय काय विचारणार?
तरी मी सुरुवात केली.