अनुपान

खोली क्रमांक चार. ऑकलंड. जुलैची थंडी
हीटरला न जुमानता काचेवर बसलेली.
काचेच्या अलीकडे मी, हातात पेन्सिल,
पलीकडे फुआतिनो, वय एकसष्ट,
तासाच्या बोलीवर आज दिवसभर आजारी.

तिच्या भूमिकेचा कागद मीच लिहिलाय:
सौ. लेओता. पाय सुजलेले. लघवीची गोळी,
रोज सकाळी एक. घेते का? नेहमी नाही.
का नाही, ते नीट विचारलं तरच सांगायचं.
नुसतं ‘समजलं ना?’ म्हणाले, तर म्हणायचं, हो.

प्रत्येकाला सात मिनिटं. मग घंटी.

हेमिश ‘तालोफा’ म्हणतच आत आला,
उच्चार घोटून घोटून गुळगुळीत केलेला.
उभ्यानेच विचारलं, तुमच्या संस्कृतीत
झाडपाल्याचं औषध घेतात का?
हो.
डॉक्टरांवर विश्वास आहे ना? हो.
गोळ्या वेळेवर? हो.
माझ्या तक्त्यात अकरा चौकटी, अकरा बरोबरच्या खुणा.

दुसरी मोठ्याने बोलली, पैलतीरावरच्याला हाक मारावी तशी.
फुआतिनोने तीस वर्षं शाळेत भूमिती शिकवली आहे,
तिचं इंग्रजी माझ्याहून बरं.
तिसऱ्याने फक्त मीठ किती खाता ते विचारलं.
चौथ्याने कागदावर सूर्य काढला, चंद्र काढला.
हो, हो, हो.

ही नंदीबैलाची मान नव्हे.
समोरच्या पोराचं तोंड पडू नये म्हणून
एका बाईने पदरमोड करून दिलेलं सौजन्य आहे ते.
इन्व्हरकारगिलच्या दुकानात चौदा वर्षं
तीच मान बघून मी पिशव्या हातात ठेवल्या
आणि गल्ला बंद करताना खुशीत शीळ घातली.

जेवणाच्या सुट्टीनंतर जिवू.
उशिरा. एका बुटाची नाडी सुटलेली.
तालोफा विसरली. स्वतःचं नाव सांगायचं विसरली.
दोन चौकटी गेल्या.
वरच्या फळीसाठी ठेवलेलं बुटकं स्टूल ओढून
ती त्यावर टेकली, तेव्हा तिचं डोकं
फुआतिनोच्या खांद्याखाली आलं.
मुद्दाम? सांगता येत नाही.
दुसऱ्या खुर्चीवर माझाच कोट पडला होता.

बराच वेळ काहीच नाही. मग,
‘बुसानला माझे आजोबा गोळी भाताच्या कुकरमागे लपवतात.
पण मासळीबाजाराला जायच्या दिवशीच.
बस मध्ये कुठे थांबत नाही ना.
तुमचा वार कोणता?’

फुआतिनो हसली. हसणं कागदावर नव्हतं.
‘रविवार.
पांढरा पोशाख, पांढरी हॅट, गाणाऱ्यांत पहिली रांग.
दोन तास. सगळ्यांच्या देखत
प्रवचनातून उठून जाणार कुठे?’

इथवर माझंच लिखाण.
मग तिने पर्स उघडली
आणि स्वतःच्या नावाचं पाकीट टेबलावर ठेवलं.
चार आठवड्यांच्या खाचा. सगळ्या फुटलेल्या,
चार सोडून.
एकाखाली एक, सरळ रेषेत, चार रविवार शाबूत.

जिवूने एकेका खाचेवर बोट ठेवलं.
‘आणि दुपारी? चर्च झाल्यावर, जेवून घरी आल्यावर?
चालेल बहुतेक. पण मी आधी विचारते कुणाला तरी.
तुम्ही थांबाल?’
‘थांबते,’ फुआतिनो म्हणाली.
आज पहिल्यांदा हो न म्हणता.

घंटी वाजवायची ती मीच. नऊ मिनिटं झाली होती.

मधातून, दुधातून, कोमट पाण्यातून,
औषध कशातून पोटात जातं ते आम्ही शिकवतो.
रविवारातून कसं जातं, त्याला तक्त्यात जागा नाही.
समासात लिहिलं: वार विचारला.
खाली ‘उत्तीर्ण’पाशी पेन्सिल अडली;
वर तालोफाची चौकट तशीच कोरी.

दाराबाहेर पुढचा मुलगा
ओठांतल्या ओठांत काहीतरी घोकतोय.
आत जाऊन खुर्चीवरचा कोट उचलावा
की तिथेच राहू द्यावा,
ठरत नाही.